नवव्या पुंजक्याचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाईंचा निरोप आला की, तुम्ही विलायतेस लेकीकडे तीन महिने राहून आलात, तेव्हा वर्धापनदिनी तिकडचे काहीतरी सांगा. आता तिकडचे राजवाडे, पूल आणि दुकाने आपण सर्वजणी घरबसल्या पाहतो. त्यांचे वर्णन ऐकण्यासाठी कोणी आपला चहा थंड होऊ देणार नाही. म्हणून मी आज एका वीतभर उंचीच्या फुलाविषयी बोलणार आहे. मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे शास्त्र शिकविल्यामुळे मास्तरकी अंगात भिनली आहे, तेव्हा मध्येच एखादा प्रश्न विचारला तर रागावू नका.

या फुलाला स्नोड्रॉप म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही, कारण आपल्याकडे ते उगवतच नाही. मी मनाशी त्याला ‘हिमथेंब’ म्हणू लागले होते. पण ज्या गोष्टीविषयी आज बोलायचे आहे ती नावाचीच असल्यामुळे, उगाच आपले नाव त्याला चिकटवीत नाही. कांद्यापासून उगवणारी ही वनस्पती आहे. हिरव्या दांड्याच्या टोकाशी एकच पांढरे फूल, तेही मान खाली घालून लोंबणारे. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या आणि शुभ्र; आतल्या तीन आखूड, आणि त्यांच्यावर हिरवा ठिपका किंवा रेघ. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी त्याला ‘गॅलँथस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दुधाचे फूल. पहिल्या पावसाबरोबर आपल्या कुंडीत जी लिली फुलते ती याच कुळातली, आणि शास्त्रज्ञांच्या हल्लीच्या मांडणीप्रमाणे आपला स्वयंपाकाचा कांदा व लसूणही याच मोठ्या कुळात मोडतात. मात्र स्नोड्रॉपचा कांदा विषारी असतो, तो खायचा नाही.

2024 च्या जानेवारीत मी ग्लॉस्टरशायर परगण्यात चेल्टनहॅमजवळ लेकीच्या घरी होते. सकाळी आठनंतर उजाडायचे आणि साडेचारला दिवे लागायचे. लेक-जावई कामावर, नातू शाळेत, आणि मी खिडकीशी. शेजारच्या घरी ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ एकटेच राहत. माझा नातू त्यांना ‘आजोबा’ अशी हाक मारी व तेही त्या हाकेला ओ देत, म्हणून मीही त्यांना आजोबाच म्हणते.

एके दिवशी सकाळी हे आजोबा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन दाराशी आले. डब्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या नऊ पट्ट्या होत्या, बागेत झाडाजवळ खोचतात तशा. प्रत्येकीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत एकेक नाव लिहिलेले. पेन्सिलीचे अक्षर उन्हापावसात शाईपेक्षा टिकते, हे मला तेव्हा कळले. अक्षर त्यांच्या पत्नीचे होते. या आजींची स्मृती चार वर्षांपासून हळूहळू जात चालली होती, आणि मागच्या ऑक्टोबरात त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले होते.

“त्यांना पोहोचवून आलो आणि बागेत गेलो,” आजोबा म्हणाले. “त्या दिवसांत स्नोड्रॉपचे जमिनीवर काहीच नसते, सगळे मातीखाली. नुसत्या पट्ट्या उभ्या होत्या, लहान लहान थडग्यांसारख्या. मला बघवेना. सगळ्या उपटल्या, धुतल्या आणि डब्यात ठेवल्या.” आता जानेवारी लागला होता आणि सफरचंदाच्या झाडाखाली नऊ ठिकाणी हिरवे कोंब वर येत होते. कोणता कोण, हे सांगणारे कोणी राहिले नव्हते. दर रविवारी ते आजींना भेटायला जात. बागेतले फूल नेऊन त्याचे नाव सांगावे अशी त्यांची इच्छा होती. कारण वर्षानुवर्षे ती नावे आजी त्यांना सांगत आल्या होत्या आणि त्यांनी कधी नीट ऐकली नव्हती.

माझ्या लेकीने त्यांना सांगून ठेवले होते की, आई वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. मी तर जन्मात स्नोड्रॉप पाहिला नव्हता! पण नाही म्हणणे जिवावर आले. ग्रंथालयातून दोन पुस्तके आणली आणि अभ्यासाला बसले.

तेव्हा समजले की आपण केवढ्या जंगलात शिरलो आहोत. स्नोड्रॉपच्या मूळ जाती विसाच्या आसपास. पण माणसांनी निवडून नावे दिलेले वाण दोन हजारांच्या वर! आणि सगळे पांढरे, सगळे मान खाली घातलेले. तिकडे या फुलाचे इतके वेडे शौकीन आहेत की त्यांना ‘गॅलँथोफाइल’ असा खास शब्दच आहे. 2012 साली एका पिवळ्या गाठीच्या स्नोड्रॉपचा एकच कांदा 725 पौंडांना विकला गेला, आणि 2015 साली दुसरा एक 1,390 पौंडांना. एक कांदा, बरे का! आपण इकडे किलोचा भाव वाढला म्हणून ओरडतो. हे आकडे मी जेवताना सांगितले मात्र, आमचे जावई लगेच फोन काढून कुंपणापलीकडे डोकावू लागले.

खरे म्हणजे हे फूल इंग्लंडचे नव्हेच. जेरार्ड नावाच्या वनस्पतीकाराने 1597 सालच्या आपल्या ग्रंथात बागेतले फूल म्हणून त्याचे वर्णन केले आहे, आणि रानात उगवल्याच्या नोंदी तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. त्याचे माहेर युरोपच्या मुख्य भूमीत, तुर्कस्तानात आणि कॉकेशसच्या डोंगरांत. सासरी मात्र ते असे रुळले आहे की, चर्चच्या आवारात फेब्रुवारीत पांढरे गालिचे पसरतात.

लेकीच्या घराजवळच कोल्सबोर्न नावाचे गाव आहे. तेथे हेन्री जॉन एल्वस नावाचे जमीनदार होते. 1874 साली ते तुर्कस्तानात गेले असता, हल्ली ज्याला इझमीर म्हणतात त्या स्मर्ना शहराजवळच्या डोंगरात त्यांना एक रुंद पानांचा मोठा स्नोड्रॉप सापडला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावावरून त्याला ‘एल्वेसी’ हे नाव मिळाले. त्यांच्या बागेत आजही फेब्रुवारीत लोकांना स्नोड्रॉप पाहता येतात. एका शनिवारी लेक मला तेथे घेऊन गेली. पुस्तकातल्या चित्रांनी जे समजले नव्हते ते तेथे पाट्या लावलेले पुंजके शेजारी शेजारी पाहून समजले. ओणव्याने मी एकेक फूल बोटाने उचलून आत पाहत होते, तेव्हा तेथे काम करणारी एक बाई जवळ येऊन म्हणाली, “फूल मागाहून पाहा. आधी पान पाहा, आणि तेही जमिनीशी, जेथून निघते तेथे.”

भगिनींनो, ही खरी किल्ली. स्नोड्रॉपला बहुधा दोनच पाने असतात, आणि ती दोन पाने एकमेकींशी कशी वागतात यावरून घराणे कळते. साधा, सर्वत्र आढळणारा जो ‘निव्हॅलिस’ त्याची पाने अरुंद, आणि नमस्कारात तळवे जुळावेत तशी सपाट समोरासमोर टेकलेली. ‘एल्वेसी’चे एक पान दुसऱ्याला तळाशी वेढून घेते, तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावे तसे. तिसरा ‘प्लिकॅटस’, त्याच्या पानांच्या दोन्ही कडा मागे दुमडलेल्या, जणू काठाची हेम घालून ठेवली आहे. क्रिमियाच्या युद्धातून, म्हणजे 1856 च्या सुमारास, परतलेल्या सैनिकांनी याचे कांदे घरी आणले असे सांगतात. मग पानाचा रंग पाहायचा: जांभळावर असतो तसा पांढुरका लेप आहे, की चकचकीत हिरवे आहे? कॉकेशसच्या ‘वोरोनोवी’चे पान असे चकचकीत असते.

त्यानंतर फुलाकडे यायचे. आतल्या पाकळीवर हिरवी खूण एक की दोन, टोकाशी की बुडाशी. बाहेरच्या पाकळ्यांना हिरवे टोक आहे का. फुलाच्या डोक्यावर जी गाठ असते, जिच्यात पुढे बी धरते, ती हिरवी की पिवळी. दांडा आणि फूल यांना जोडणारा बारीक देठ किती लांब. वास येतो का. आणि हे सर्व एकदाच पाहून भागत नाही. थंडीत फूल मिटलेले असते, जरा ऊब मिळाली की बाहेरच्या पाकळ्या पसरतात. कडाक्याच्या गारठ्याने पाने भुईसपाट होतात आणि दुपारी पुन्हा उभी राहतात. सकाळी पाहिलेला पुंजका दुपारी ओळखू येत नाही असे मला दोनदा झाले.

मग आजोबांच्या बागेत आमचे काम सुरू झाले. गुडघ्याखाली पोते, हातात भिंग, आणि आजोबा डबा घेऊन मागे खुर्चीवर. काही ओळखी फार सोप्या निघाल्या. एक पुंजका जानेवारीतच फुलला, लांबट थेंबासारख्या पाकळ्यांचा. तो ‘अ‍ॅटकिन्सी’, आणि त्याचे नाव ज्यांच्यावरून पडले ते अ‍ॅटकिन्स याच परगण्यात पेन्सविक येथे राहत. बाहेरच्या पाकळ्यांची टोके हिरवी, तो ‘विरिडापिस’. वेढलेली रुंद पाने आणि पाकळीवर दोन खुणा, म्हणजे ‘एल्वेसी’. पिवळी गाठ आणि दुमडलेल्या कडा, तो ‘वेंडीज गोल्ड’; हा केंब्रिजजवळ वँडलबरी येथे सापडला आणि तेथील रखवालदाराने आपल्या पत्नीचे नाव त्याला दिले. दुपारच्या उन्हात मधासारखा वास येऊ लागला तो ‘एस. अर्नॉट’चा, तो आजोबांनीच प्रथम ओळखला, खुर्चीवरून न उठता. ‘स्ट्रॅफन’ने मात्र वाट पाहायला लावली. त्याचे वैशिष्ट्य असे की पहिले फूल उतरू लागले की त्याच कांद्यातून दुसरा दांडा वर येतो. तो येईपर्यंत आम्ही त्याला नुसते ‘चौथा’ म्हणत होतो.

दुहेरी पाकळ्यांचे दोन पुंजके होते आणि पट्ट्याही दोन: ‘फ्लोर प्लेनो’ आणि ‘लेडी एल्फिन्स्टन’. पहिल्याच्या आत हिरव्या खुणा, दुसरीच्या पिवळ्या. पण या लेडीबाई मोठ्या मानी. त्यांना जागेवरून हलविले की एकदोन वर्षे रुसून हिरव्याच फुलतात. सुदैवाने आजींनी त्यांना बरीच वर्षे हलविले नसावे. काही फुलांत पिवळा रंग स्पष्ट होता.

अशा आठ पट्ट्या आठ पुंजक्यांशी खोचल्या गेल्या. डब्यात एक पट्टी उरली, तिच्यावर लिहिले होते ‘मॅग्नेट’. आणि कुंपणाशी एक पुंजका उरला, नववा.

आजोबा उठून उभे राहिले. “म्हणजे हा मॅग्नेट,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू! आजींचे हे सर्वांत आवडते होते, एवढे एकच त्यांना आठवत होते.

हिशेब तर चोख होता. नवातून आठ गेले, राहिला एक. पण मला तो पुंजका पहिल्यापासून खटकत होता. मॅग्नेटची खूण पुस्तकात ठळक दिलेली आहे आणि कोल्सबोर्नच्या वारीनंतर ती मी चांगली लक्षात ठेवली होती: त्याचा देठ फार लांब आणि बारीक, वाकलेला, म्हणून वाऱ्याच्या जराशा झुळकीने फूल डुलते. या पुंजक्याचे देठ आखूड आणि ताठ. वारा सुटला की शेजारचे हलत, आणि हे मान घट्ट धरून उभे. फूल नुकते उमललेले असताना देठ आखूड भासत असेल म्हणून मी दोन आठवडे थांबले. रोज दुपारी मोजपट्टी घेऊन जाई. देठ काही लांबला नाही. पानांच्या कडा मात्र रुंद आणि ठसठशीत दुमडलेल्या. ‘प्लिकॅटस’चे रक्त त्यात निश्चित होते. पण पान घराणे सांगते, नाव सांगत नाही.

खरे सांगते, त्या दोन आठवड्यांत रोज रात्री मला वाटे की हो म्हणून टाकावे. कोणाचे काय जाणार होते? लेक तर चिडलीच. “आई, तू काही शाळेत पेपर तपासत नाहीयेस. ते रविवारी आजींना जाऊन सांगतील, तेवढंच त्यांना समाधान. हो म्हणालीस तर काय बिघडणार आहे?” मला उत्तर सुचेना. पण आजींचे ते पेन्सिलीचे अक्षर माझ्या डोळ्यांपुढे येई. ज्या बाईने नऊ पट्ट्यांवर एकही खाडाखोड न करता नावे लिहिली, तिच्या हाताची पट्टी मी भलत्याच फुलापाशी खोचायची? आणि एकदा ती खोचली की खरा मॅग्नेट कोणी शोधणारही नाही.

मी आजोबांना सांगितले, “हा मॅग्नेट नव्हे.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “मग कोण आहे?”

येथे आपल्याकडचा दाखला माझ्या कामी आला. हापूसची कोय लावून हापूस होत नाही हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. हापूस हवा तर कलमच बांधावे लागते. नाव असलेला स्नोड्रॉप हा असाच कलमासारखा. मूळच्या एका कांद्याचीच पिल्ले वेगळी करून, फाळण्या करून तो वाढवितात, म्हणून सगळीकडचा ‘अर्नॉट’ एकच असतो. पण बी पडून जे रोप उगवते ते रायवळ आंब्यासारखे. आईबापांचे काही घेतलेले, पण स्वतःचे निराळे. स्नोड्रॉपच्या बियांना एक खाऊची शेपटी असते, तिच्यासाठी मुंग्या त्या ओढून नेतात आणि बी भलतीकडेच रुजते. कुंपणाशी उगवलेला नववा पुंजका बहुधा असा मुंग्यांनी पेरलेला रायवळ असावा. त्याला पट्टी कधी नव्हतीच. आणि मॅग्नेट मेला तरी असेल, नाही तर बागेत दुसरीकडे कोठेतरी असेल. पट्ट्या नऊ आणि पुंजके नऊ, हा नुसता योगायोग.

आजोबांना रायवळ हा शब्द मी तीनदा म्हणून दाखविला. त्यांना तो आवडला.

आमच्या जावयांनी सुचविले की मग या नव्या फुलाला आजींचेच नाव देऊन टाका, त्या रखवालदाराने दिले तसे. मला वाटले आजोबा हरखून जातील. पण त्यांनी मान हलविली. “ती म्हणायची, नावे फार झाली आहेत. आधी पाच वर्षे बघा, दरवर्षी तसाच येतो का, दुसऱ्या कशासारखा नाही ना, मग बोला.” आणि हे अगदी बरोबर आहे. नवीन वाणाला नाव देण्यापूर्वी तो इतरांहून वेगळा आहे आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो हे पाहावे लागते. कधी न ऐकणाऱ्या या गृहस्थांनी बायकोचे निदान एक वाक्य तरी नीट ऐकले होते म्हणायचे!

त्या रविवारी ते मलाही बरोबर घेऊन गेले. एका लहान पेल्यात अर्नॉटची दोन फुले आणि नवव्या पुंजक्याचे एक. आजी खिडकीशी बसल्या होत्या. आजोबांनी पेला पुढे धरला आणि अर्नॉटचे नाव सांगितले. त्या नुसत्या हसल्या. मग तिसऱ्या फुलाकडे बोट करून म्हणाले, “याचे नाव आम्हाला सापडले नाही.” आजींनी तर्जनीने त्या फुलाची हनुवटी उचलली, आत पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि सोडून दिले. बोलल्या काही नाहीत. परतताना आजोबा गाडीत म्हणाले, “ती नेहमी असेच पाहत असे.”

आजींना जी गोळी चालू होती तिचे औषध गॅलँटामाइन, हे मी तेथील पाकिटावर वाचले. 1950 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रशियातल्या शास्त्रज्ञांनी ते कॉकेशसच्या स्नोड्रॉपमधून वेगळे काढले. ‘गॅलँथस’चेच नाव त्यात आहे. हल्ली ते नरगिसाच्या जातीच्या कांद्यांपासून काढतात, किंवा प्रयोगशाळेत तयार करतात. त्याने स्मृती परत येत नाही. काही जणांना काही काळ थोडा आधार मिळतो, एवढेच.

मार्चमध्ये फुले गेली, पण पाने हिरवी होती. स्नोड्रॉपची फाळणी याच वेळी करतात. कांदा पार सुकल्यावर लावला तर पुष्कळदा रुजत नाही. आम्ही नववा पुंजका उकरून त्याचे तीन भाग केले आणि तीन जागी लावले, म्हणजे एका जागी सडला तरी दोन राहतील. नवी पट्टी घेतली. आजोबांच्या हाताला कंप आहे म्हणून पेन्सिल मी धरली आणि त्यांनी सांगितले ते लिहिले: ‘प्लिकॅटसचा संकर. नाव नाही. कुंपणाशी आपोआप. 2024.’ आणि त्यांच्या आग्रहावरून खाली देवनागरीत ‘रायवळ’.

आता तुम्ही विचारणार की एखादा कांदा आणला का? आणला नाही. रानातले कांदे भरमसाट उपटले जाऊ लागल्यामुळे 1990 पासून स्नोड्रॉपच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. परवान्यांची आणि रोपांच्या तपासणीची कागदपत्रे लागतात. आणि आणूनही आपल्या उकाड्यात तो जगला नसता, त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते. फोटो मात्र पुष्कळ आणले आहेत. ते मागच्या टेबलावर मांडले आहेत. त्यात मुद्दाम नऊ फोटो पट्ट्यांशिवायचे आहेत. चहा होईपर्यंत पाने पाहून घराणी ओळखता येतात का बघा.

या फेब्रुवारीत लेकीचा फोन आला होता. नववा पुंजका तिन्ही जागी वर आला आहे, देठ तसेच आखूड. आजोबा रोज दुपारी काठी घेऊन बागेत फिरतात आणि वारा सुटला की थांबून कोणते फूल डुलते ते पाहतात. मॅग्नेटची पट्टी अजून त्या बिस्किटांच्या डब्यातच आहे.